मुंबईत वाचून झालेले पुस्तक अनोळखी वाचकासाठी कसे ठेवावे

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका संध्याकाळी मी पहिल्यांदा एक पुस्तक ठेवले आणि थोड्या अंतरावर जाऊन बसलो. कथासंग्रह होता, प्रत चांगली होती, आणि आतल्या पहिल्या पानावर ‘वाचा आणि पुढे द्या’ असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते. सात-आठ मिनिटांनी फेऱ्या मारून दमलेले एक गृहस्थ तेथे टेकले. त्यांनी पुस्तकाकडे पाहिले, पण उचलले नाही, जवळून जाणाऱ्या चणेवाल्याला विचारले, “कोणाचं राहिलंय हो हे?” त्याने नकारार्थी मान हलवली. त्यानंतर पाऊण तास ते गृहस्थ जागचे हलले नाहीत. ज्याचे पुस्तक राहिले आहे तो परत येईपर्यंत दुसऱ्या कोणी ते नेऊ नये, म्हणून ते राखण करीत बसले होते. शेवटी मलाच पुढे होऊन ‘माझे राहिले’ असे सांगून पुस्तक परत घ्यावे लागले, आणि वर “वस्तू सांभाळत जा” हा उपदेशही ऐकून घ्यावा लागला.

मुंबईत सार्वजनिक ठिकाणी पुस्तक ठेवू पाहणाऱ्याची खरी अडचण या प्रसंगात आहे. पुस्तक चोरीला जाईल ही भीती व्यर्थ असते, कारण ते कोणीतरी न्यावे म्हणूनच आपण ठेवलेले असते. अडचण अशी की ते कोणी नेत नाही: सज्जन माणूस ते विसरलेले समजतो, सावध माणूस ते संशयास्पद समजतो, आणि घाईत असलेल्या माणसाला विचार करण्याइतका वेळ नसतो. तेव्हा पुस्तक निवडण्यापासून ते ठेवण्यापर्यंत जे काही करायचे ते एवढ्यासाठीच, की समोर आलेल्या अनोळखी माणसाला दोन-चार क्षणांत खात्री पटावी: ही वस्तू निरुपद्रवी आहे आणि ती मी नेली तर चालणार आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत २००१ साली ‘बुकक्रॉसिंग’ हे संकेतस्थळ सुरू झाले. तेथे प्रत्येक पुस्तकाची विनामूल्य नोंदणी होऊन त्याला एक क्रमांक मिळतो, तो पुस्तकावर लिहून पुस्तक बाहेर सोडून द्यायचे आणि ज्याला ते सापडेल त्याने त्या क्रमांकाखाली आपली नोंद करायची, अशी त्या संकेतस्थळाची रचना आहे. २००९ साली विस्कॉन्सिन राज्यातील हडसन या गावी टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ घरासमोर शाळेच्या इमारतीसारखी दिसणारी एक छोटी पेटी उभारून तीत पुस्तके ठेवली, आणि तिच्यातून ‘लिटल फ्री लायब्ररी’ ही चळवळ वाढली. या दोन्ही रीतींत आपल्याला उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे. मात्र त्या जशाच्या तशा उचलल्या, तर मुंबईचा पाऊस, गर्दी आणि मुंबईने सोसलेले घाव या तिन्हींशी त्यांची गाठ पडते.

पुस्तक निवडताना

स्वतःला नको झालेले पुस्तक आणि दुसऱ्याला हवेसे वाटेल असे पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कट्ट्यावर किंवा बाकावर ठेवायचे पुस्तक एका हातात मावणारे, कागदी बांधणीचे आणि कोठूनही उघडून वाचता येईल असे असावे. कथासंग्रह, ललित लेख, प्रवासवर्णने, विनोदी लेखन आणि रहस्यकथा लवकर उचलल्या जातात. सहाशे पानांची चरित्रे आणि खंडांमध्ये विभागलेले ग्रंथ तेथेच पडून राहतात. ज्या मालिकेचा फक्त दुसरा भाग आपल्याजवळ आहे तो ठेवून कोणाचीही सोय होत नाही.

मराठी घरात या कामासाठी सर्वांत योग्य वस्तू बहुधा माळ्यावर पडलेली असते, ती म्हणजे जुने दिवाळी अंक. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि घरोघरी दर वर्षी तीन-चार अंक घेतले जातात, पौषापर्यंत वाचून होतात आणि मग पुढच्या आवराआवरीपर्यंत कोणी त्यांना हात लावत नाही. अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रे, भविष्य असे सगळे असल्यामुळे रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही त्यातील काहीतरी वाचून पूर्ण करता येते. भविष्याचे वर्ष उलटून गेलेले असते, पण ते वाचणाऱ्यांची संख्या त्यामुळे कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

काही पुस्तके मात्र ठेवू नयेत. ज्याचा एखादा फॉर्म निखळला आहे, म्हणजे सोळा पाने सलग नाहीत, असे पुस्तक देणे हा वाचकाचा अपमान आहे. म्हणून ठेवण्यापूर्वी पृष्ठांक एकदा चाळून पाहावेत. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडे आणि कालबाह्य स्पर्धापरीक्षांची पुस्तके ही दिशाभूल करणारी असतात. पोथ्या आणि धर्मग्रंथ बाकावर ठेवणे टाळावे. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसे आपल्यात आजही आहेत आणि पोथी उघड्यावर पडलेली पाहून त्यांना वाईट वाटते. याच कारणास्तव कोणतेही पुस्तक जमिनीवर किंवा पायरीवर ठेवू नये. वाचनालयाचा शिक्का असलेले पुस्तक, त्यावर ‘रद्द’ असा दुसरा शिक्का नसेल, तर आधी त्या वाचनालयात नेऊन द्यावे. विकत घेतलेली अधिकृत प्रत दुसऱ्याला देण्यास प्रताधिकार कायद्याची आडकाठी नाही. पदपथावर मिळणाऱ्या चोरट्या छपाईच्या प्रती आणि संपूर्ण पुस्तकाच्या झेरॉक्स यांचा प्रसार मात्र आपल्या हातून होऊ नये. आणि अनेक मराठी पुस्तकांची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींचीच निघत असल्याने, आजोबांच्या कपाटातील एखादे साधे दिसणारे पुस्तक आता कोठेच मिळत नसण्याचा संभव असतो. तसा संशय आला तर ते बाकावर ठेवण्यापूर्वी १८९८ पासून चालू असलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेत चौकशी करावी.

घरातून बाहेर काढण्यापूर्वी

प्रत्येक पुस्तक कण्याला धरून उलटे करावे आणि हलकेच झटकावे. पानांत लाइटची बिले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, संपलेले रेल्वे पास, बँकेच्या पावत्या, पिंपळाची पाने आणि छायाचित्रे सापडतात. ही काळजी मी घेतली नाही म्हणून आईने मामाला लिहिलेले आणि काही कारणाने टपालात न पडलेले एक आंतरदेशीय पत्र माझ्या हातून असेच गेले. ते पुस्तकात होते हे मला चार महिन्यांनी आठवले. तेव्हापासून मी नुसते झटकत नाही, तर पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अंगठ्याखालून सोडतो.

पहिल्या पानावर नाव आणि पत्ता लिहिलेला असेल तर तो दिसणार नाही असा झाकावा. काळ्या शाईने खोडलेले अक्षर उजेडाकडे धरले की वाचता येते, त्यामुळे वर कागदाची पट्टी चिकटवणे बरे. ‘सप्रेम भेट’ असे लिहून दिलेले पुस्तक देणाऱ्याच्या हयातीत बाहेर सोडू नये, असे माझे मत आहे. मुंबई फार मोठी असली तरी दादर फार लहान आहे.

मुंबईच्या दमट हवेत पुस्तकाला दोन रोग होतात, एक कसर आणि दुसरा बुरशी. पानांना छोटी वेडीवाकडी भोके दिसली किंवा बांधणीतून चंदेरी किडा पळाला, तर ते पुस्तक हवाबंद पिशवीत घालून, आतली हवा काढून, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. एक दिवस तशीच राहू द्यावी, म्हणजे हवेतील बाष्प पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमते आणि पाने ओली होत नाहीत. बुरशी असल्यास पुस्तक सावलीत, पंख्याखाली, पाने पंख्यासारखी पसरून पूर्ण वाळवावे, आणि नंतर गॅलरीत नाकाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने झटकावे. ओल्या फडक्याने पुसले तर बुरशी कागदात आणखी खोल जाते. इतके करूनही आठवडाभरात कुबट वास गेला नाही, तर ते पुस्तक दुसऱ्याच्या घरी पाठवू नये, कारण तेथे गेल्यावर ते शेजारच्या पुस्तकांनाही तोच रोग देते.

चिठ्ठी

माझी पहिली चूक ही की चिठ्ठी आत होती. जी सूचना वाचण्यासाठी पुस्तक आधी उचलावे लागते, ती सूचना पुस्तक उचलण्याची परवानगी देऊ शकत नाही. म्हणून पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा पांढरा कागद मुखपृष्ठावरच, वरच्या भागात, चित्र थोडे झाकले गेले तरी चालेल अशा बेताने चिकटवावा. अक्षर दोन हातांवरून वाचता यावे एवढे मोठे असावे. शाईपेन किंवा जेलपेनाने लिहिलेले पावसाच्या चार थेंबांत पसरते, बॉलपेनाचे टिकते. चिकटपट्टी वापरू नये, कारण दमटपणाने ती सुटते, पिवळी पडते आणि मागे धूळ धरणारा चिकट डाग ठेवते. पातळ लावलेला डिंक किंवा फेविकॉल पुरेसा होतो.

मजकुरासाठी मी बरेच प्रयोग केले. ‘पुस्तकाचा प्रवास’, ‘ज्ञानाची वारी’ अशा सुंदर शब्दांनी सुरू होणारी चिठ्ठी लोकांना जाहिरात वाटते आणि ते ती वाचत नाहीत. आता मी असे लिहितो: ‘हे पुस्तक कोणी विसरलेले नाही. तुमच्यासाठी मुद्दाम ठेवले आहे. घरी न्या. पैसे नाहीत. वाचून झाल्यावर दुसऱ्या कोणाला द्या. विक्रीसाठी नाही.’ यातील पहिले वाक्य सर्वांत महत्त्वाचे असून ते इतरांपेक्षा मोठ्या अक्षरात असावे. ‘पैसे नाहीत’ हे शब्द मी सुरुवातीला क्षुद्र वाटतात म्हणून गाळले होते. पण आपल्याकडे फुकट म्हणून हातात दिलेल्या वस्तूमागे देणगीची पावती येते, हे अनुभवाने सर्वांना ठाऊक असते. मराठी पुस्तकावरही खाली हिंदीत एक ओळ लिहावी, कारण ते पुस्तक ज्याच्या नजरेला पडेल तो वाचणारा नसला तरी झाडणारा किंवा पहारा देणारा असेल, आणि ते तेथे राहू द्यायचे की उचलून टाकायचे हे तो ठरवणार असतो.

आपला मोबाइल क्रमांक चिठ्ठीवर कधीही लिहू नये, स्त्रियांनी तर मुळीच नाही. वाचकाने काही कळवावे अशी इच्छा असेल तर त्यासाठी वेगळा ई-मेल पत्ता उघडावा किंवा बुकक्रॉसिंगचा क्रमांक आतल्या पानावर लिहावा. चिठ्ठीच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष टाकावे. त्याचा उपयोग पुढे येईल.

जागा

पहिला नियम नकाराचा आहे. रेल्वेस्थानक, लोकलचा डबा, मेट्रो, विमानतळ आणि न्यायालयाचे आवार येथे पुस्तक ठेवून निघून जाऊ नये. लंडनच्या भुयारी रेल्वेत २०१२ पासून आणि दिल्लीच्या मेट्रोत २०१७ पासून डब्यांत पुस्तके ठेवण्याचे उपक्रम झाले आहेत, त्यांचे कौतुक वाचून मुंबईत अनेकांना तोच मोह होतो. पण ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले, आणि बेवारस वस्तूला हात लावू नका ही उद्घोषणा येथे रोजच्या प्रवासाचा भाग झाली. रॅकवर मागे राहिलेल्या वस्तूमुळे डब्यातील माणसे अस्वस्थ होतात, कोणीतरी साखळी ओढतो किंवा पोलिसांना कळवतो, आणि त्याने केले तेच योग्य असते. आपल्या हौसेपायी डबाभर माणसांच्या पोटात गोळा आणण्याचा अधिकार आपल्याला नाही. इतर ठिकाणीही याच भानाने वागावे: पुस्तक कधीही कागदात गुंडाळू नये, पिशवीत किंवा डब्यात घालू नये, चार पुस्तके सुतळीने बांधून गठ्ठा ठेवू नये. एकच पुस्तक, उघडे, मुखपृष्ठ वर करून, आरपार मोकळ्या दिसणाऱ्या जागी ठेवावे.

लोकलमध्ये पुस्तक द्यायचेच असेल तर ते हातातून हातात द्यावे. ठरलेल्या गाडीला ठरलेल्या डब्यात भेटणारे गट, भजनी मंडळे, महिलांच्या डब्यात शेजारी बसून वाटाणे सोलणाऱ्या मैत्रिणी यांच्यात पुस्तके आणि दिवाळी अंक फिरत आले आहेत, आणि त्यासाठी कोणत्याही संकेतस्थळाची गरज पडलेली नाही. शेजारचा माणूस आपल्या पुस्तकात डोकावून वाचत असेल, तर उतरताना “माझं झालंय, वाचणार का?” एवढे विचारावे. हा प्रश्न दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान, बसायला जागा असताना विचारावा. सकाळच्या गर्दीत उतरण्याची धडपड करणाऱ्या माणसाच्या हातात पुस्तक कोंबणे हे दानात मोडत नाही.

माझ्या पाहण्यातील सर्वांत उत्तम जागा म्हणजे चौकाचौकांतील मोफत वृत्तपत्र वाचनालये. गिरगाव, परळ, दादर, विलेपार्ले पूर्व, मुलुंड अशा भागांत एखाद्या पक्षाच्या शाखेने किंवा मंडळाने चालवलेले, पत्र्याच्या छपराचे, दोन बाकांचे आणि एका उतरत्या मेजाचे असे वाचनालय हमखास आढळते. तेथे छप्पर असते, येणारा माणूस वाचणाराच असतो, आणि सकाळी वर्तमानपत्रे लावणारा कोणी ना कोणी त्याची देखभाल करीत असतो. आधी त्याच्याशी बोलावे. त्याची संमती ही तेथील खरी परवानगी असते. येथे मात्र अडचण उलटी येते. वर्तमानपत्रे दोरीने बांधलेली पाहण्याची सवय असल्याने लोक पुस्तक तेथेच उभ्याने वाचतात आणि परत जागेवर ठेवतात. माझा एक दिवाळी अंक अशा रीतीने तीन आठवडे तेथेच राहिला आणि हाताळून मऊ पडला. तेव्हापासून ‘घरी न्या’ हे दोन शब्द मी चिठ्ठीवर अधोरेखित करतो.

यानंतर येतात त्या वाट पाहण्याच्या जागा: केशकर्तनालय, दंतवैद्याची खोली, लाँड्री, पिठाची गिरणी, रेशनचे दुकान. दुकानदाराला विचारून गल्ल्याजवळ एखादे पुस्तक ठेवता येते. गिरणीत पुस्तकावर पिठाचा थर बसतो, त्यामुळे तेथे जुना अंक पुरे. रुग्णालयांच्या बाबतीत अधिक काळजी हवी. परळ भागात टाटा स्मारक आणि केईएम ही मोठी रुग्णालये जवळजवळ असून बाहेरगावाहून आलेल्या नातेवाइकांना दिवसचे दिवस थांबावे लागते, त्यामुळे तेथे पुस्तकांची गरज नक्कीच आहे. परंतु जुन्या कागदावरील बुरशीचे कण प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला घातक ठरू शकतात. म्हणून वॉर्डात किंवा बाह्यरुग्ण विभागात पुस्तक परस्पर ठेवू नये. नातेवाइकांची जेथे राहण्याची सोय असते अशा धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला विचारून, अलीकडची आणि स्वच्छ पुस्तके त्याच्या हातात द्यावीत.

उद्यानाचा बाक आणि कट्टा यांना वेळेचे बंधन आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या हातात काही घेण्याची सोय नसते, त्यामुळे संध्याकाळची पाच ते सातची वेळ चांगली. पुस्तक ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटे जवळपास थांबावे, आणि अंधार पडेपर्यंत कोणी घेतले नाही तर ते परत न्यावे. रात्रभर राहिलेले पुस्तक समुद्राकडच्या हवेने फुगते, आणि पहाटे ज्या सफाई कामगाराला ते दिसते त्याच्या लेखी तो कचराच असतो. आपल्या दानामुळे त्याचे काम वाढू नये. ११ जूनच्या सुमारास मुंबईत पाऊस येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरवसा नसतो. एवढ्या काळात उघड्यावर पुस्तक ठेवणे पूर्ण बंद करावे. तो काळ छपराखालच्या जागांचा.

पुस्तकाची भाषा जागेप्रमाणे निवडावी. गुजराती पुस्तक घाटकोपर किंवा कांदिवलीत, उर्दू नागपाड्यात, तमिळ माटुंग्यात जितके लवकर उचलले जाते तितके ते दुसरीकडे जात नाही. हिंदी पुस्तके मात्र मी शोधत असतो, आणि ती आमच्या इमारतीच्या वॉचमनसाठी. रात्रपाळीचा पहारेकरी हा या शहरातील मोठा वाचक आहे, हे आपल्या लक्षात येत नाही, कारण तो वाचतो तेव्हा आपण झोपलेले असतो.

कायमची पेटी करायची असेल तर

पदपथावर स्वतःच्या मनाने पेटी उभारू नये. महापालिकेच्या विभाग कार्यालयाच्या परवानगीशिवाय ते अतिक्रमण ठरते आणि पेटी पुस्तकांसकट गाडीत जाते. गृहनिर्माण संस्थेचे प्रवेशद्वार किंवा तळमजल्यावरील मोकळी जागा हा सरळ मार्ग आहे. कार्यकारी समितीला अर्ज करताना पुस्तकप्रेमावर परिच्छेद लिहिण्याऐवजी तीन गोष्टी लिहाव्यात: पेटीची लांबी-रुंदी, ती कोण साफ करणार त्याचे नाव, आणि तक्रार आल्यास ती किती दिवसांत काढली जाईल. सेक्रेटरीला शेवटच्या मुद्द्याने धीर येतो. जिन्यात किंवा येण्याजाण्याच्या वाटेत पेटी मागू नये. आग लागल्यास ती वाट मोकळी असली पाहिजे. वॉचमनला आपण स्वतः सर्व समजावून सांगावे. आमच्याकडे हे राहून गेले, तेव्हा पहिल्या दिवशी ठेवलेली बाराही पुस्तके त्याने संस्थेची मालमत्ता समजून टेबलाच्या खणात कुलूप लावून जपून ठेवली होती.

पेटी उघड्यावर असेल तर सुताराला आयएस ७१० दर्जाचे मरीन प्लायवूड वापरायला सांगावे. साधे प्लायवूड एका पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटते. मुंबईचा पाऊस पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून तिरपा येतो, म्हणून पेटीचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करावे आणि उतरते छप्पर दरवाजाच्या पुढे किमान चार इंच काढावे. दार ॲक्रिलिकचे असावे, म्हणजे आत काय आहे हे न उघडता दिसते आणि कोणाला शंका येत नाही. खारी हवा लोखंडी बिजागऱ्या खाते, त्यामुळे त्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. दोन्ही बाजूंना बारीक जाळी लावलेली भोके हवीत. पूर्ण बंद पेटीत बुरशी लवकर धरते. तळ जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असला की मुलांचाही हात पोहोचतो. वीस-पंचवीस पुस्तकांहून मोठी पेटी करू नये.

पेटी रिकामी पडेल अशी चिंता सर्वांना असते. प्रत्यक्षात ती तुंबते. लोक घर आवरताना जे टाकवत नाही ते सगळे आणून ठेवतात: संगणकाच्या जुन्या आवृत्त्यांची पुस्तके, बँकांच्या रोजनिश्या, फुकट वाटलेल्या पुस्तिका, एकदा तर बारा वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे काढून निर्दयपणे उचकटावे. चिठ्ठीवरचा महिना येथे उपयोगी पडतो: दोन महिने जे हलले नाही ते दुसऱ्या जागी न्यावे.

पुस्तक गेल्यावर

बहुतेक पुस्तकांची खबर कधीच येत नाही, आणि ती यावी या अपेक्षेने हे करू नये. माझ्या चिठ्ठीचे एक पुस्तक मला माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपाशी, पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या रांगेत दिसले. ‘विक्रीसाठी नाही’ ही अक्षरे माझीच होती. विक्रेत्याने चाळीस रुपये सांगितले, मी चिठ्ठीकडे बोट दाखवले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तो कागद मी नाही लावला साहेब.” त्याचे बरोबर होते. ते पुस्तक कोणीतरी रद्दीवाल्याला दिले असेल, रद्दीवाल्याने वजनावर विकले असेल, आणि आता ते अशा जागी होते जेथे चाळीस रुपये मोजून ते घरी नेणारा माणूस ते नक्की वाचणार होता. मी ते तेथेच राहू दिले. एकच खंत राहिली: चिठ्ठी पाहून एखादा पापभीरू ग्राहक ते चोरीचे समजून परत ठेवून गेला असेल का?

म्हणून तीन ठिकाणी ठेवूनही जे पुस्तक कोणी घेतले नाही ते रद्दीत देताना मी संकोच करीत नाही, पण चिठ्ठीची व्यवस्था लावूनच देतो. ती ओरबाडून काढू नये, तिच्याबरोबर मुखपृष्ठाचा पापुद्रा येतो. तिच्यावर एक आडवी रेघ मारावी आणि खाली बॉलपेनानेच लिहावे, ‘आता विकायला हरकत नाही’.